स्टिकरवर तारीख नव्हती

गाडी आली ती ऑइलचा लाल दिवा लागतो म्हणून. तोही इंजिन तापल्यावर सिग्नलला उभं राहिलं की. रेस दिली की विझायचा. अशी तक्रार आली की पुष्कळ मेकॅनिक आधी तो दिवा लावणारा प्रेशर स्विच बदलून बघतात. स्विच स्वस्त असतो आणि कधी कधी नशीब साथ देतं. मी स्विच काढला आणि त्याजागी गेज लावलं. गरम इंजिन, आयडल, काटा ०.३ बारवर, म्हणजे प्रेशर खरंच कमी. स्विच बिचारा खरं बोलत होता.

गाडी पेट्रोलची, सात वर्षांची, फारशी न पळालेली. मालक शिस्तीचे गृहस्थ. ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर, रोजचं जाणं-येणं आठ. मला त्यांची आठवण होती, कारण मागच्या वेळी ऑइल मीच बदललं होतं. काउंटरवरच्या पोराने त्यांना सगळ्यात महागडं फुल सिंथेटिक सुचवलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, "घ्या सर, जास्त चालतं." नंतर दाराच्या कडेला स्टिकर लावला: पुढचं ऑइल अजून १५,००० किलोमीटरनंतर.

फिलर कॅप उघडली तर आतून पिवळट फेसाचा थर. तेल मोजायच्या काडीला पेट्रोलचा वास. इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर काढलं आणि हेल्पर पोरगा म्हणाला, "उस्ताद, हे डांबर कुणी ओतलं?" कॅमच्या कडेला, बोल्टांच्या खाचांत, तेल परत खाली जायच्या भोकांवर काळा चिकट गाळ. खालचं तेलाचं चेंबर उतरवलं तेव्हा तेल ओढणाऱ्या पंपाची जाळी दिसली. जाळी कसली, तिची निम्म्याहून जास्त भोकं बुजलेली. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडलं तर गाळाचा तुकडा रबरासारखा वाकला आणि मग तुटला. इतक्या वर्षांत गाळ भरपूर पाहिलाय, पण तो टाळाटाळ करणाऱ्यांच्या गाड्यांत. सगळ्यात महाग डबा विकत घेणाऱ्याच्या इंजिनात हे बघून मी स्टुलावर बसलोच.

स्टिकर पुन्हा वाचला. शेवटच्या बदलानंतर गाडी चालली होती ७,४०० किलोमीटर, म्हणजे आम्ही दिलेल्या आकड्याच्या निम्मीसुद्धा नाही. पण मध्ये अडीच वर्षं गेली होती. मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलंय: १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते, आणि सतत छोट्या फेऱ्या असतील तर त्याच्याही निम्मं. आमच्या स्टिकरवर महिन्यांचा रकानाच नाही. त्यात वर्षभरापूर्वी ते बॅटरीसाठी येऊन गेले होते. ऑइलचं काय, असं त्यांनी आपणहून विचारलंही होतं. काउंटरने स्टिकर बघून सांगितलं, "अजून खूप वेळ आहे, सर."

बाहेरच्यांना हे पटत नाही, पण एका वेळी चारच किलोमीटर चालणाऱ्या इंजिनाचे हाल फार. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली तेलात उतरते. पाण्याचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं आपण धरतो. तेल त्याच्या बरंच मागे असतं. ते पुरेसं तापून पाणी आणि पेट्रोल उडून जायच्या आत गाडी पार्किंगला लागलेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काजळी आणि आम्ल सांभाळायला तेलात रसायनं असतात, ती हळूहळू खर्ची पडतात. महाग तेलात ती थोडी जास्त टिकत असतील, पण अडीच वर्षं?

आमच्या सीनियरचा सल्ला होता, "२०डब्ल्यू-५० ओत, दिवा बंद होईल." झालाही असता. जाड तेलाने प्रेशर चढतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण या इंजिनाला ५डब्ल्यू-३० हे पातळ तेल लागतं, त्याची व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा) बारीक नळ्यांतून येणाऱ्या तेलावर चालते, आणि बुजलेल्या जाळीतून घट्ट तेल ओढायचं म्हणजे पंपावर आणखी जुलूम. दुसरा सल्ला फ्लशचा, म्हणजे रसायन ओतून आतला गाळ सोडवायचा. एवढा गाळ एका दमात सुटला तर जाऊन बसणार कुठे? त्याच जाळीत. चेंबर आणि जाळी हाताने धुतली, हेडवरचा गाळ हाताने काढला, नवा फिल्टर, ड्रेन बोल्टला नवा वॉशर. आणि यावेळी कपाटातला सगळ्यात स्वस्त डबा उचलला, कारण ते तेल ५०० किलोमीटरवर काढून टाकायचंच होतं.

स्वस्त म्हणजे कसलंही नव्हे. डब्याच्या पुढच्या बाजूची सोनेरी अक्षरं मी वाचत नाही. मागे बारीक अक्षरांत दोन गोष्टी बघतो: ५डब्ल्यू-३० आणि एपीआय या अमेरिकन संस्थेची दर्जाची खूण. मॅन्युअल एसएन मागतं, ती २०१० सालची पातळी. डब्यावर २०२० सालची एसपी होती, आणि जिथे एसएन चालतं तिथे एसपी चालतं. एवढं जुळलं की रोज ऑफिसला जाणाऱ्या साध्या गाडीला पुरे. 'सेमी सिंथेटिक'मध्ये सिंथेटिक किती, याचं ठरलेलं प्रमाण नाही. 'फुल सिंथेटिक' लिहिलेल्या कित्येक डब्यांतही खनिज तेलच खूप शुद्ध करून भरलेलं असतं. ते वाईट असतं असं नाही, फक्त त्या शब्दाला आम्ही जितका भाव देतो तितका त्यात नाही.

गंमत म्हणजे पुढच्याच आठवड्यात तसंच इंजिन टॅपेट कव्हरच्या गळतीसाठी आलं. मालक कायम स्वस्तातलं तेल मागणारा, आमची पोरं त्याला मागे कंजूष म्हणतात. दर दहा महिन्यांनी न चुकता हजर. कव्हर काढलं तर आत नुसती मधासारखी पिवळसर झाक, कॅम लखलखीत. सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग रात्री आठवलं की तो रोज चाळीस किलोमीटर हायवेने जातो, त्याचं तेल रोज नीट तापतं. तेव्हा यात वेळेवर बदलण्याचं श्रेय किती आणि रस्त्याचं किती, हे मला अजून वाटून देता येत नाही.

पहिल्या गाडीच्या मालकांना मी जाळीचा फोटो दाखवला आणि चूक कबूल केली. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे साधं तेल दर सहा महिन्यांनी बदललं असतं तर खर्च कमी आला असता ना?" मी हो म्हणालो. काउंटरवरचा पोरगा तेवढ्यात कुठेतरी काम काढून आत गेला.

स्टिकरचे नवे गठ्ठे आलेत, छपाई तीच. मी माझ्या गाड्यांवर पेनाने तारीख घालतो, कडेला, तिरकी, जागा मिळेल तिथे. त्यांच्या गाडीचं तेल दोनदा बदलून झालं, आयडलला प्रेशर आता ठीक आहे, दिवा लागत नाही. दुसऱ्या वेळी गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये होती. सकाळी पहिल्या स्टार्टला टायमिंग चेन (कॅम फिरवणारी साखळी) दोनेक सेकंद वाजली आणि गप्प झाली. मी ते जॉब कार्डवर लिहिलं. काउंटरने बिल करताना ती ओळ गाळली, म्हणून त्यांना फोन करून सांगितलं.