बुलढाण्याहून पुण्याला, एका हस्तलिखिताच्या वाटेने

आमच्या बुलढाण्याहून रात्री सुटणारी ट्रॅव्हल्स चिखली, जालना, संभाजीनगर, नगर करत पहाटे वाघोलीच्या गर्दीत शिरते. मी मुद्दामच या वाटेने आले. ताराबाई शिंदे आमच्या गावच्या, आणि त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक छापलं गेलं पुण्यात, १८८२ मध्ये, श्री शिवाजी छापखान्यात. प्रती ५००, किंमत नऊ आणे. सोळा आण्यांचा रुपया होता तेव्हा पुस्तकाला अर्ध्या रुपयाहून जास्त मोजायचे, आणि तेही एका अनोळखी बाईच्या पुस्तकाला. ज्या शहराने ते छापलं ते या नजरेने एकदा पायी फिरून बघायचं होतं.

ताराबाईंनी लेखणी उचलली त्यालाही पुणंच निमित्त झालं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालचलणुकीचा पंचनामा सुरू झाला, आणि ‘पुणे वैभव’ त्यात पुढे होतं. म्हणजे वार पुण्याच्या छापील कागदावरून झाला आणि उत्तरही पुण्यातच छापून निघालं. ते उत्तर आजही वाचताना अंगावर येतं.

सकाळी गंज पेठेतल्या फुलेवाड्यात गेले. विहीर, तुळशीवृंदावन, आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न. सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ १८५४ चं, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त आला. ताराबाईंवर चहूकडून टीका होत असताना त्यांची बाजू छापून घेतली ती जोतीरावांनीच, १८८५ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात. मला त्या अंगणातून लवकर निघवेना.

भिडेवाडा मात्र आता नाही. मुलींची पहिली शाळा जिथे भरली ती जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडली, स्मारकासाठी. दगडूशेठच्या गर्दीतून वाट काढत मी पुढे अप्पा बळवंत चौकाकडे वळले.

हा चौक म्हणजे गाईडं, व्यवसायमाला, स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे, आणि त्यातून जागा काढून मांडलेलं साहित्य. एका दुकानात ‘स्त्री-पुरुष तुलना’ मागितलं. काउंटरवरच्या काकांनी वर न बघता विचारलं, “कोणती आवृत्ती हवी, ताई?” मला फार बरं वाटलं. निवडायला एकाहून जास्त आवृत्त्या आहेत! कारण मधली ९३ वर्षं हे पुस्तक जवळजवळ नाहीसं होतं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा छापलं, म्हणून आज काका आवृत्ती विचारू शकतात. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलंच नाही.

त्याच १८८२ मध्ये, त्याच पुण्यात पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ निघालं. त्याच्या विक्रीच्या पैशांतून त्यांचा विलायतेचा प्रवासखर्च निघाला आणि १८८३ मध्ये लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन त्या बोटीत बसल्या. एक पुस्तक बुडालं, दुसऱ्याने समुद्र ओलांडून दिला. रमाबाईंच्या पुस्तकाचा सूर मवाळ होता हे खरं, पण मला मुख्य फरक गिऱ्हाइकाचा वाटतो. त्यांच्यामागे आर्य महिला समाज होता, रानड्यांच्या वर्तुळातली घरं होती, पुस्तक विकत घेऊन दुसरीच्या हातात देणारी माणसं होती. बुलढाण्याच्या ताराबाईंना पुण्यात छापखाना मिळाला, विकणारं कोणी मिळालं नाही. पुस्तक विकणाऱ्याला आपण साहित्याच्या इतिहासात जागा देत नाही, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

चौकाजवळच आनंदाश्रम. ‘करमणूक’ साप्ताहिकाचे संपादक, कादंबरीकार हरिभाऊ आपटे इथले. त्यांच्याशी ज्यांचा लेखनाचा स्नेह होता त्या काशीबाई कानिटकरांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. एका बाईने दुसरीचं आयुष्य छापील पानांवर राखून ठेवलं. पुढचं पुणं सगळ्यांना ठाऊक आहे: किर्लोस्करवाडीला १९३० मध्ये सुरू झालेलं ‘स्त्री’ मासिक नंतर इथे आलं, आणि त्याच्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. इरावतीबाई कर्व्यांचं ‘युगान्त’ १९६७ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढलं. रा. ज. देशमुखांबरोबर सुलोचनाबाई देशमुख तिथे प्रकाशनाचं काम बघत, आणि त्यांच्याबद्दल अजून कितीतरी लिहायला हवं.

दुकानात रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ नव्हतं. “मागवून बघतो,” काका म्हणाले, आणि माझा नंबर पावतीच्या मागे लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरले. रमाबाईंचं मुक्ती मिशन, म्हणजे निराधार बायका-मुलींसाठीचा त्यांचा आश्रम, इथला. १८८२ मध्ये आपलं पुस्तक छापायला दुसऱ्याच्या दारात गेलेल्या या बाईने इथे स्वतःचा छापखाना घातला. छपाईचे खिळे (अक्षरांचे टाइप) जुळवायला, छापायला, बांधणी करायला आश्रमातल्याच बायका-मुली शिकल्या. त्यात विधवा होत्या, दुष्काळात घर सुटलेल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यातून बाहेर पडलं.