पाचर निघाली, पण त्याआधी घाम फुटला

मंडळी, माझ्या जुन्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्वरची गंजून जाम बसलेली पाचर (नळी फ्रेमला धरून ठेवणारी आडवी पट्टी) निघाली! एकोणीस दिवस लागले. ती तापवून काढायचा बेत मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात मांडला होता. तो तडीस नेला असता, तर हे टाइप करायला सगळी बोटं शिल्लक असती की नाही, शंकाच आहे.

ब्लो-टॉर्च पेटवायच्या आधी सहज म्हणून बॅटरी घेऊन सिलिंडरच्या तोंडाशी डोकावलो. 'नळीत दांडी घालून बघितली, रिकामी आहे' असं मीच लिहिलं होतं. पण १८५१ च्या नेव्हीच्या सिलिंडरला गोळ्यांची सहा घरं. दांडीला कळतं ते नळीसमोर आलेल्या एकाच घराचं, आणि सिलिंडर तर जाम. बांबूच्या काडीने एका घरातला मळ कोरला तर काडी दोन मिलिमीटरवर अडली. आणखी खरवडलं, तर खाली करडं, मऊ शिसं. शेजारच्या घरातही तेच. दोन गोळ्या, आणि त्यांच्यामागे दारू! काळी दारू कोरडी राहिली तर दीडशे वर्षांनीही पेटते. घरांमागच्या निपलांवर (भोक असलेल्या बोंड्यांवर) ठिणगी देणाऱ्या टोप्या नव्हत्या, एवढंच नशीब. मी मात्र तोवर त्याच पाचरीवर हातोडी चालवत होतो, तेही नळी पोटाकडे करून. त्या दिवशी पुढे कशालाच हात लावला नाही.

म्हणजे आच बंद, उकळणं बंद, ठोकाठोकीही बंद. मूठ आधीच उतरवलेली होती, म्हणून अख्खं धूड पाण्यात बुडवलं. तेलाने दारू मरेलच असा भरवसा नाही. पाण्याने दारूतला सोरा विरघळतो. नवा गंज चढला तर चढू दे म्हटलं. पण निपलांची भोकं बुजलेली, त्यामुळे पाणी आत पोचलं असेल असं धरून चालणं म्हणजे मूर्खपणाच.

शेवटी शिकंज्याने (बेंच व्हाइसने) काम केलं. डाव्या बाजूला पाचर आत शिरेल एवढा पोकळ सॉकेट, उजव्या बाजूला पितळी खुंटी, जबड्यांना चामडं, आणि नळीचं तोंड भिंतीकडे. पाचरीच्या स्प्रिंगचं टोक दाबून धरायचं, पाव फेरा आवळायचा, अॅसिटोन आणि एटीएफ (गाडीच्या गिअरचं तेल) यांच्या मिश्रणाचे दोन थेंब सोडायचे आणि उद्यापर्यंत विसरायचं. काल संध्याकाळी एक बारीकसा 'टिक' ऐकू आला. आधी वाटलं, खुंटीच मोडली. बघतो तर पाचर डावीकडे केसभर सरकलेली! पुढची दहा मिनिटं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

पुसून भिंगाखाली धरली, तर पाचरीवरचे आकडे फ्रेमवरच्या अनुक्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांशी जुळले. मागच्या वेळी ड्रिल मारून काढा म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. आणि इटालियन नकलेची पाचर घ्या म्हणणाऱ्यांनाही. ती मूळ खाचेत कानशीशिवाय बसत नाही.

नळी हातानेच सुटली. सिलिंडर पिळूनपिळून आज सकाळी आला. भरलेल्या घरांचे निपल काढून पिचकारीने पाणी मारलं, तर काजळीसारखा लगदा बाहेर आला. गोळ्या मागून लाकडी काडीने ढकलल्या. आता खऱ्या अर्थाने रिकामी.

इलेक्ट्रोलिसिसची (विजेने गंज काढायची) बादली भरून ठेवली होती, ती ओतून दिली. सिलिंडरवर कोरलेल्या, कंपेचेच्या १८४३ च्या सागरी लढाईच्या चित्रातलं एक शीड अजून दिसतंय, ते घालवायचं नाही. सुट्या भागांना आता आच चालेल, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळून लाल गंज काळा करून घेईन, मग तेल आणि ०००० स्टील वूल. पितळेला पॉलिश लावणार होतो, पण हे लिहितालिहिता चापाच्या कड्याच्या आतल्या कोपऱ्यात चांदीच्या मुलाम्याचा पांढरा पट्टा दिसला. पॉलिश रद्द.

चार निपल अजून हलत नाहीत. नव्या निपल-पान्याचं तोंड तिसऱ्यालाच उमललं. विकणारा 'हार्डन्ड' म्हणाला होता, पण कानस त्याच्यावर लोण्यासारखी चालते. पान्याची पोलादी कांडी आता स्वतःच घासून घेतो. तोवर सिलिंडर तेलात.