तुम्ही विचारलंत म्हणून: एगनॉग कुकीत एगनॉग किती घालायचं?

थँक्सगिव्हिंग आटोपलं की हा प्रश्न यायला लागतो. इथे न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी ताट हातात धरून विचारतं, ऑफिसातल्या कुकी एक्सचेंजनंतर, म्हणजे घरच्या कुकीजच्या अदलाबदलीनंतर, कुणीतरी विचारतं, आणि हल्ली पुण्या-नाशकाहून नात्यातली मंडळी फोनवरही विचारतात. शब्द थोडे इकडेतिकडे, पण गाऱ्हाणं एकच: ‘आम्ही चांगलं कपभर एगनॉग ओतलं, तरी कुकीला चव काही आली नाही. तुम्ही किती घालता?’

पिठात पाव कप. तेवढंही नाही घातलं तरी फारसं बिघडत नाही. बाकीचं एगनॉग जातं वरच्या फ्रॉस्टिंगमध्ये. आपण जिला एगनॉगची चव म्हणतो ती अंड्याचा बलक, जायफळ आणि रम या तिघांची असते. कार्टनमधल्या दुधाची नसते. हे ऐकून लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा कपभर ओततात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ज्यांनी हे प्रकरण चाखलेलं नाही त्यांच्यासाठी: एगनॉग म्हणजे दूध, साय, साखर आणि अंड्याचे बलक घोटून केलेलं दाट पेय, वर किसलेलं जायफळ आणि मोठ्यांच्या पेल्यात रम, ब्रँडी किंवा बर्बन. मूळ इंग्लंडचं. तिथे मध्ययुगात गरम दुधात वाईन किंवा एल नावाची बिअर ओतून ‘पॉसेट’ करायचे, हे त्याचंच वंशज मानतात. अमेरिकेतल्या वसाहतींत गायी मुबलक होत्या, कॅरिबियन बेटांवरून रम स्वस्तात यायची, त्यामुळे हे पेय इथे असं रुजलं की नाताळ म्हटलं की एगनॉग हे समीकरणच झालं. १८२६ मध्ये त्यापायी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दंगल झाली होती. प्रमुख सिल्व्हेनस थेअर यांनी आवारात दारूबंदी केलेली. कॅडेट्सनी नाताळच्या आदल्या रात्री चोरून व्हिस्की आणली, एगनॉग केलं, आणि पहाटेपर्यंत खिडक्यांच्या काचा आणि फर्निचर फोडून झालं होतं. बऱ्याच जणांवर कोर्टमार्शल झालं. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचा अध्यक्ष झालेला जेफरसन डेव्हिस तेव्हा तिथेच कॅडेट होता. त्याला खोलीत स्थानबद्ध केलं, पण खटल्यातून तो सुटला.

आता दुकानातल्या कार्टनबद्दल. हे नोव्हेंबरात फ्रीजच्या कप्प्यात दिसू लागतं आणि जानेवारीत गायब होतं. इथल्या सरकारी नियमाप्रमाणे ‘एगनॉग’ या नावाने विकायचं असेल तर त्यात किमान ६ टक्के दुधाची चरबी आणि बलकातले घन पदार्थ वजनाने किमान १ टक्का असावे लागतात. किमान १ टक्का! बलकात निम्मं पाणीच असतं, म्हणजे प्रत्यक्षात दोनेक टक्के बलक. कंपनीने नियमापुरतंच अंडं घातलं असेल, तर अर्ध्या कप एगनॉगमध्ये एका बलकाचा जेमतेम सातवा हिस्सा येतो. तुम्ही अर्धा कप ओतता तेव्हा खरं तर अर्धा कप गोड दूध ओतत असता. त्यातलं पाणी मैद्याला मिळतं, ग्लुटेन म्हणजे पिठाला चिवट करणारं प्रथिन तयार होतं, ओव्हनमध्ये वाफ होते आणि कुकी फुगून पावाच्या वळणावर जाते. जायफळाचा जो काही वास त्या दुधात होता तो मैदा-साखरेच्या डोंगराखाली दबतो. मग लोक म्हणतात, चव नाही आली. येणार कुठून?

म्हणून मी बलक थेट घालतो. साधारण तीस कुकींना तीन बलक, पांढरं अजिबात नाही. पांढऱ्याने कुकी कोरडी आणि स्पंजसारखी होते. बलकातल्या चरबीने ती तोंडात विरघळते आणि रंगही तोच फिकट पिवळा येतो. पांढऱ्याची दुसऱ्या दिवशी भुर्जी करा. बेचव लागते, पण भरपूर कांदा-मिरचीत खपून जाते.

प्रमाण असं: २८० ग्रॅम मैदा, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, १७० ग्रॅम बिनमिठाचं बटर, २०० ग्रॅम साखर, तीन बलक, पाव कप एगनॉग, थोडा व्हॅनिला, आणि १ चमचा ताजं किसलेलं जायफळ. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा, आपला पोह्यांचा नव्हे.

जायफळापाशी मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. पहिली गोष्ट, बाटलीतली तयार पूड नको. जायफळाचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. पूड करून वर्षभर ठेवली की उरतो तो भुसा. अख्खं जायफळ घ्या आणि अगदी बारीक किसणीवर किसा. सहाणेवर उगाळायची सवय असेल तर तेही चालेल. दुसरी गोष्ट, किसलेलं जायफळ मैद्यात मिसळू नका. ते बटर-साखरेत घालून फेटा. ही तेलं पाण्यापेक्षा चरबीत चांगली मुरतात, त्यामुळे बटरने वास धरून ठेवला की ओव्हनमध्येही तो पुष्कळसा टिकतो. मैद्यात घातलेलं आणि बटरमध्ये फेटलेलं, दोन्ही प्रकारच्या कुकीज शेजारी ठेवून खाऊन बघा, मला पुन्हा विचारावं लागणार नाही. तिसरी गोष्ट, दालचिनी टाळा. इथल्या बऱ्याच पाककृतींत ती असते, पण दालचिनी मोठ्या आवाजाची. ती आली की जायफळ ऐकूच येत नाही.

आणि चव वाढवायची म्हणून तीन-चार चमचे जायफळ ढकलू नका. बाळगुटीत जायफळाचे एक-दोनच वेढे का देतात हे आपल्या आज्यांना चांगलं माहीत होतं. जास्त झालं तर ते कडू लागतंच, शिवाय बाधतंही.

मला गंमत वाटते ती ही, की मराठी माणसाला या चवीची ओळख करून द्यावी लागत नाही. श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी, आणि घरोघरची जायफळ घातलेली कॉफी. इथली मंडळी वर्षातून एक महिना जायफळाचा वास घेतात आणि त्यांना नाताळ आठवतो. मला त्याच वासाने चैत्रात टांगलेला चक्का दिसतो. आमच्या मंडळात पहिल्यांदा ही कुकी खाणारा माणूस हमखास म्हणतो, ‘अरे, हे तर श्रीखंडासारखं लागतंय.’ पुढे थोडा थांबतो, कारण बलकाची चव श्रीखंडात नसते. गोव्याकडची माणसं मात्र थांबत नाहीत. त्यांच्याकडे नाताळात बिबिंक होते, तिच्यात ढीगभर बलक आणि जायफळ, सोबत नारळाचं दूध आणि तूप. ही जोडी त्यांच्या जिभेवर आधीपासून बसलेली असते.

आम्ही राहतो तिथून गाडीने तासाभरात मॅनहॅटन येतं. जायफळ एके काळी फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर पिकायचं आणि त्यासाठी डच-इंग्रजांनी एकमेकांच्या उरावर बसायचं बाकी ठेवलं नव्हतं. १६६७ च्या ब्रेडा तहात त्यातलं रन नावाचं चिमुकलं बेट डचांकडे राहिलं आणि इंग्रजांनी तोवर बळकावलेलं मॅनहॅटन इंग्रजांकडे. बांदाच्या मूळ रहिवाशांची याच जायफळापायी डचांनी १६२१ मध्ये जी कत्तल केली तिचा उल्लेख नाताळच्या जाहिरातींत कुठून येणार! पुढे रोपं जगभर गेली. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाने तर झेंड्यावरच जायफळ काढलं आहे, आणि आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत त्याची झाडं उभी असतात. मी गावाहून येताना ओटी भरल्यासारखी मूठभर जायफळं घेऊन येतो. इथल्या दुकानातली वाईट नसतात. तरीही आणतो.

भाजण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बटर आणि साखर हलकी होईपर्यंत फेटा, एकेक बलक घाला, एगनॉग, मग मैदा, आणि मैदा घातल्यावर फेटणं थांबवा. पीठ तासभर फ्रीजमध्ये. ३५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसला दहा-बारा मिनिटं. कडा जेमतेम रंगल्या की बाहेर, मधला भाग कच्चा वाटला तरी. गरम ट्रेवर तो आपोआप सावरतो. खरपूस भाजलेल्या कुकीचा मी शत्रू नाही, पण इथे तांबूस रंग आला की कॅरॅमलची चव पुढे येते आणि दूध-जायफळ मागे पडतं.

आता फ्रॉस्टिंग. एगनॉग इथे घालायचं, कारण इथे त्याला आच लागत नाही, मैद्याशी झुंजावं लागत नाही. ११५ ग्रॅम मऊ बटर, दोन कप पिठीसाखर, तीन मोठे चमचे एगनॉग, चिमूटभर मीठ. एगनॉग फ्रीजमधून काढून थेट ओतू नका, बटर गारठतं आणि मिश्रण फुटल्यासारखं दिसतं. अर्धा तास ओट्यावर राहू द्या. इथल्या पिठीसाखरेत थोडं कॉर्नस्टार्च असतं, घरी मिक्सरवर केलेली असेल तर ती दोनदा चाळा. रंग घालू नका. हिरवं-लाल फ्रॉस्टिंग ही माझ्या मते अमेरिकन नाताळातली सगळ्यात केविलवाणी गोष्ट आहे, आणि या कुकीला तर फिकट सायीचा रंगच शोभतो. कुकी पूर्ण गार झाल्यावरच लावा, आणि फ्रॉस्टिंग ओलं असतानाच वरून जायफळ किसा. नाक कुकीच्या जवळ गेलं की पहिला वास याचाच येतो, त्यामुळे हे वरचं जायफळ सजावट म्हणून धरू नका.

रमबद्दल मला बाजूला घेऊन विचारतात. हो, मी अर्धा चमचा डार्क रम फ्रॉस्टिंगमध्ये घालतो. पिठात घालत नाही, भाजताना तिचा वास वाया जातो. ओव्हनमध्ये दारू पूर्ण उडून जाते ही समजूतही खरी नाही, थोडी उरतेच. मुलांसाठी किंवा ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी रमचा इसेन्स घ्या, बाटलीवरचं वाचून, कारण काही इसेन्समध्येही अल्कोहोल असतं. आणि जे काका रमच्या नावाने कुकी परत ठेवतात ते वर्षभर केकमध्ये अमेरिकन व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट खात असतात, ज्यात नियमानेच किमान ३५ टक्के अल्कोहोल असतं. हे मी त्यांना सांगत नाही. त्यांची कुकी मी खातो.

भारतातून विचारणाऱ्यांना कार्टनची चिंता असते. ती सोडा. तुम्हाला लागणार आहे सात-आठ मोठे चमचे. दोन बलक आणि पाव कप साखर घोटा, त्यात एक कप गरम दूध बारीक धारेने घालत ढवळा, अर्धा कप फ्रेश क्रीम घाला आणि मंद आचेवर चमच्याच्या पाठीवर लेप बसेपर्यंत ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७१ सेल्सिअस. उकळी मात्र येऊ देऊ नका. बासुंदी आटवायची सवय असलेला हात इथे आवरावा लागतो, नाहीतर गोड भुर्जी होते. गार झाल्यावर जायफळ. उरलेलं थंड करून पिऊन टाका, किंवा सकाळच्या कॉफीत.

टिकण्याचं म्हणाल तर फ्रॉस्टिंगमध्ये दूध-बलक आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून फ्रीज आणि तीन-चार दिवसांत फडशा. डझनावारी कुकीज आधी करून ठेवायच्या असतील, कुकी एक्सचेंजला तशा लागतातच, तर कोऱ्या कुकीज फ्रीझरमध्ये टाका आणि फ्रॉस्टिंग त्या दिवशी लावा.

उरला शेवटचा प्रश्न, जो मंडळात दरवर्षी येतो: ‘बिनअंड्याची होईल का हो?’ जायफळाची कुकी होईल आणि चांगली होईल, पण तिला एगनॉग कुकी म्हणू नका, बलकाशिवाय ती चव येत नाही. कंडेन्स्ड मिल्क आणि हळद घालून केलेल्या नकला मी खाल्ल्या आहेत. मला आग्रह करू नका. अंडं न खाणाऱ्यांसाठी मी सरळ नानखटाई करतो, साजूक तुपातली, जायफळ तेवढंच सढळ. तिचा डबा मात्र वेगळा ठेवावा लागतो. फ्रॉस्टिंगवाल्या कुकीजबरोबर एका डब्यात रात्रभर राहिली की ओल धरते आणि सकाळी खुसखुशीतपणा गेलेला असतो.