भोंडल्याची खिरापत

दिवाळीची सुट्टी संपली आणि इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात एकाच शाळेच्या तीन मुली आल्या. डोळे हळदीसारखे, लघवी गडद, जेवणाचं नाव काढलं की मळमळ. रक्ताचे रिपोर्ट आले: हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित अन्नपाण्यातून पसरणारी कावीळ. चौथ्या मुलीला घेऊन तिची आई दारात दिसली, तेव्हा त्या मुलीला तपासून मी सरळ शाळा गाठली.

"डॉक्टर, आमच्याकडे नर्मदेचं पाणी आहे हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या. नर्मदाकाठच्या जलूदहून इतक्या लांब आणलेल्या या पाण्याचा मलाही अभिमान आहे. टाकीचं पाणी नळीत घेऊन क्लोरीन तपासायचे थेंब टाकले, पिवळा रंग आला. पण आजचा रंग महिन्यापूर्वीची ग्वाही देत नाही, आणि मला महिन्यापूर्वीचंच हवं होतं. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत सरासरी 28 दिवस जातात. कधी 15, कधी 50.

हजेरीपटावर बोट मागे सरकवत नवरात्रात पोचले. "या दिवशी काय होतं?"

"भोंडला."

खिरापतीला दडपे पोहे. मोठ्या मुलींनी हाताने कालवलेले, बालवाडीतल्या चिमुरड्यांनी मुठीमुठीने वाटलेले. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना हा आजार होऊनही कावीळ दिसत नाही, विषाणू मात्र शौचावाटे बाहेर पडत राहतो. खिरापतीनेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढे जे पाहिलं त्याने माझी शंका बळावली.

स्वच्छतागृह लख्ख होतं. नळाला पाणी होतं. साबण नव्हता. विचारलं तर मावशींनी कमरेची किल्ली काढून ऑफिसातलं कपाट उघडलं. आत बारा वड्या, वेष्टनासकट. "पोरं पळवतात ताई. मग बोलणी मलाच बसतात."

मला त्यांचा राग आला नाही. वडी हरवली तर जाब विचारला जात होता. मुलांनी हात धुतले का, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

बाईंनी सॅनिटायझरची बाटली पुढे केली. या विषाणूवर तिचा भरवसा धरता येत नाही, साबण आणि पाणीच हवं, हे त्यांना समजावलं. दुपारी मावशींनीच कांद्याच्या जाळीत वड्या घालून प्रत्येक नळाला बांधल्या. मी वर्गावर्गांतून घरच्यांसाठी निरोप दिला: घरातल्या भावंडांना लस द्यायची असेल तर संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत या.

पुढच्या दहा दिवसांत आणखी दोघी आल्या. त्यांना लागण त्या दुपारच्या आधीच झाली असणार, हे मला ठाऊक होतं. तरी दवाखान्यात मूल शिरलं की मी आधी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते.