चोवीस लँडचा कॅट

इंदूरच्या आमच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत मेंढीकोटाचा डाव बसला, की पाने हातात येताच आजोबा दश्शा मोजत नसत, आधी उताऱ्या मोजत. दश्शी हातात असणे निराळे आणि ती पदरात पाडून घेणे निराळे, असे त्यांचे म्हणणे होते. 'मॅजिक: द गॅदरिंग अरीना' या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळातल्या रँक्ड शिडीसाठी (डाव जिंकत वरच्या पायरीवर चढायच्या स्पर्धेसाठी) गेल्या महिन्यात मी लाल-काळ्या रंगांचा कॅट बांधला, तेव्हा नेमका हाच हिशेब माझ्याकडून राहून गेला.

मॅजिकचा कॅट सहसा किमान 60 पानांचा असतो आणि मूलभूत लँड (जमिनीची साधी पाने) सोडल्यास एका नावाची चारच पाने घेता येतात. दर पाळीला एक लँड टाकायची, तिच्यातून मिळणाऱ्या 'माना'वर, म्हणजे पाने खेळायला लागणाऱ्या ऊर्जेवर, बाकीची पाने खेळायची. लँड स्वतः कोणाला मारत नाही, त्यामुळे नवख्याला ती जागा अडवणारी वाटते. मला तर इतकी वर्षे खेळूनही तशीच वाटली, आणि पाच मानांचे चार ड्रॅगन बसवण्यासाठी मी लँड 24 वरून 20 वर आणल्या.

या चार पानांची किंमत मोजता येते. आपली पहिली पाळी असेल, तर तिसऱ्या पाळीपर्यंत आपण नऊ पाने पाहिलेली असतात. साध्या पिसण्यात आणि पहिला हात न बदलता, त्या नऊ पानांत तीन लँड न येण्याची शक्यता 24 लँडच्या कॅटमध्ये सुमारे 21 टक्के असते, तर 20 लँडच्या कॅटमध्ये ती 36 टक्क्यांवर जाते. एका डावाच्या सामन्यात अरीना पहिला हात थोडा सावरून देते, म्हणून प्रत्यक्षातले आकडे याहून जरा सौम्य असतील. पण पाचव्या लँडची वाट पाहणाऱ्या ड्रॅगनला त्या सावरण्याचा फारसा उपयोग नाही.

शिडीच्या प्लॅटिनम पायरीपर्यंत हे खपून गेले. तिथून पुढे मात्र एक डाव जिंकला की एक घर वर आणि हरला की एक घर खाली, असा सरळ व्यवहार असतो. शंभरात 55 डाव जिंकणाऱ्याला दहा घरे चढायला सरासरी शंभर डाव लागतात, तर 60 जिंकणाऱ्याला पन्नासच पुरतात. पाच टक्क्यांच्या फरकाने महिन्याच्या रात्री निम्म्या होतात, आणि दर महिन्याला रँक खाली घसरून पुन्हा चढायचे असल्याने हा फरक किरकोळ नाही. याच कारणाने वीस-वीस मिनिटे चालणारे कंट्रोलचे (समोरच्याला रोखत सावकाश जिंकायचे) डाव मी शिडीवर खेळत नाही. ते मला आवडतात, पण सकाळी कामावर जायचे असते.

सलग तीन डाव हरल्यावर दोन पाने बदलायची खोड मलाही होती. ती मोडण्यासाठी मी एक वही केली आणि वीस डाव होईपर्यंत कॅटला हात न लावता प्रत्येक पराभवासमोर एकच ओळ लिहिली. केवळ जय-पराजयाच्या आकड्यावर एवढ्यात विसंबता येत नाही, कारण 55 टक्के जिंकणारा कॅटही वीस डावांत आठ किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता सुमारे 13 टक्के असते. पराभवांची कारणे मात्र वीस डावांतही बोलतात. माझ्या अकरा पराभवांपैकी सहांसमोर जवळजवळ एकच वाक्य होते: 'तीन लँड, हातात दोन ड्रॅगन.' प्रतिस्पर्ध्याच्या कॅटचे नाव लिहायलाही मी जागा ठेवली होती, पण या सहा ठिकाणी ते लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

मग चारपैकी दोन ड्रॅगन काढले, दोन मानांची दोन पाने कमी केली आणि लँड पुन्हा 24 केल्या. त्यांतल्या आठ लाल-काळ्या अशा दुरंगी घेतल्या. या लँड रेअर (दुर्मीळ) असल्याने माझी जपून ठेवलेली, हव्या त्या रेअर पानाच्या बदल्यात देता येणारी आठ वाइल्डकार्डे एका बैठकीत संपली, आणि ज्या नव्या पिशाच्चासाठी ती जमवली होती ते अजून माझ्या संग्रहात नाही. पुढच्या वीस डावांच्या पानावर 'हातात ड्रॅगन' दोनदाच आले आहे. आता जास्त वेळा लिहिले जाते ते 'सात लँड, हात रिकामा', म्हणून सध्या चोविसावी लँड काढावी की उरलेल्यांपैकी एक ड्रॅगन परत आणावा, या विचारात आहे.