तुम्ही विचारलंत म्हणून: दिव्याला नोबेल कशाला?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो. "2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीला दिलं. दिवा ही तर वापरायची वस्तू. त्यात भौतिकशास्त्र ते काय?" सेमीकंडक्टरचे पातळ थर वाढवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हा प्रश्न मनाला लागतो. तुम्ही विचारलंत, तर नीट सांगते.

आल्फ्रेड नोबेल यांनी 1895 च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की हे पारितोषिक 'डिस्कव्हरी'ला किंवा 'इन्व्हेन्शन'ला द्यावं. मराठीत दोन्हींना शोधच म्हणतात. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, एडिसनने फोनोग्राफचा. भाषेची ही सवय मला फार आवडते, कारण माझ्या कामात ही दोन टोकं वेगळी काढताच येत नाहीत.

हे आजचंही नाही. 1920 चं पारितोषिक शार्ल गियोम यांना मिळालं, निकेल-पोलादासाठी. प्रमाण मीटरची पट्टी प्लॅटिनम-इरिडियमची, म्हणून भयंकर महाग. त्यांना स्वस्त धातू हवा होता. शोधता शोधता सुमारे 36 टक्के निकेल असलेला इन्व्हार हाती आला, जो तापल्यावर साध्या पोलादाच्या जेमतेम एक दशांश प्रसरण पावतो. असं का होतं, यावर भौतिकशास्त्रज्ञ पुढे कित्येक दशकं डोकं चालवत राहिले; कारण दडलं होतं धातूच्या चुंबकत्वात. गरज होती स्वस्त पट्टीची, आणि तिने लोखंडाच्या चुंबकत्वातलं कोडं उघडं केलं.

आता निळा दिवा. तांबडा एलईडी 1960 च्या दशकातच होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा. त्यासाठी निवडलेलं गॅलियम नायट्राइड हे सेमीकंडक्टर अत्यंत हट्टी. ते वाढवायचं नीलमावर, आणि दोघांच्या अणूंच्या जाळीत सुमारे 16 टक्क्यांची तफावत. थराला तडे जायचे. इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी 1986 मध्ये मधे ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर घातला, तेव्हा कुठे स्वच्छ स्फटिक मिळाला.

खरी गंमत पुढेच आहे. दिवा लागायला एका बाजूचा थर पी-टाइप, म्हणजे धन प्रभार वाहून नेणारा, हवा. त्यासाठी मॅग्नेशियम घालायचं, पण कितीही घाला, थर जवळजवळ विजेला रोधतच राहायचा. असा स्फटिक बनणंच शक्य नाही, असं अनेकांनी धरून टाकलं होतं. 1989 मध्ये आकासाकी-अमानो यांना इलेक्ट्रॉनच्या झोताखाली हाच थर पी-टाइप होताना दिसला. का, ते कळेना. शुजी नाकामुरा यांनी 1992 मध्ये थर नुसता नायट्रोजनमध्ये तापवला, तरी तोच परिणाम! आणि अमोनियात तापवला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे गुन्हेगार हायड्रोजन. थर वाढवताना वापरलेल्या अमोनियातूनच तो आत शिरून मॅग्नेशियमला बांधून ठेवत होता. आमच्याकडे एकदा कित्येक महिने थर बिघडत होते आणि दोष वायूच्या नळीतल्या ओलाव्याचा निघाला, तेव्हापासून ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. दिवा पेटवायचाच आहे, ही अट नसती तर त्या हट्टी थराच्या मागे इतकी वर्षं कोण लागलं असतं?

एक खंत मात्र आहे. 2014 चं नोबेल या तिघांनाच मिळालं. भौतिकशास्त्राचं पारितोषिक एका वर्षी तिघांहून अधिक जणांना देता येत नाही, आणि पदार्थ घडवणारे हात नेहमीच जास्त असतात.

शिवाय हा दिवा अजून पुरता उलगडलेला नाही. त्याच्या स्फटिकात दर चौरस सेंटिमीटरला कोट्यवधी दोष, म्हणजे अणूंच्या रचनेतल्या चुका, असतात. इतके दोष असलेला गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या सेमीकंडक्टरचा एलईडी कामातूनच गेला असता. हा मात्र लखलखतो. त्यात मिसळलेल्या इंडियम या धातूमुळे इलेक्ट्रॉन दोषांपर्यंत पोचायच्या आत अडकून पडतात, हे त्याचं प्रचलित स्पष्टीकरण. पण ते नेमके कुठे आणि कसे अडकतात यावर अजून वाद चालतो. माझ्या टेबलावर सध्या त्याच थराचा नमुना आहे.