माझ्या सात निरगाठी

बडोद्याहून भावनगरला जायला सरळ रस्ता आहे, वटामणवरून साधारण दोनशे किलोमीटर. तो सोडून मी आधी दक्षिणेला सुरतेच्या पुढे हजिऱ्यापर्यंत गेलो, कारण बाबांची जुनी बुलेट एकदा तरी जहाजात चढवायची होती. हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघा बंदराला गाड्यांसकट नेणारी फेरी २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली तेव्हा जो तो एकच हिशेब सांगायचा: रस्त्याने ३७० किलोमीटर, समुद्रातून ९०. हा हिशेब सुरतकरांचा. बडोदेकराला त्यात निव्वळ तोटा आहे, हे आईने निघायच्या आदल्या रात्रीच ऐकवलं होतं.

गाडी समुद्रात नेण्याचा माझा अनुभव कोकणातल्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीपुरता. तिथे कोणी काही बांधत नाही. आपणच गाडीला टेकून उभं राहायचं, वडापाव संपेपर्यंत पलीकडचा धक्का येतो. इथे चार तासांच्या आसपासचा प्रवास, आणि जहाज सुटलं की गाड्यांच्या मजल्यावर थांबू देत नाहीत. म्हणून बडोद्याच्या मांडवीतून चांगली जाड नायलॉनची दोरी घेतली होती. गाडी मधल्या स्टँडवर चढवली, हँडलच्या दोन्ही टोकांना दोरी बांधून खालच्या लोखंडी कड्यांत ओवली आणि सात निरगाठी मारल्या. मोजून सात. आईला फोन करून सांगितलंसुद्धा, "आता भूकंप झाला तरी हलत नाही."

मागून आवाज आला, "मराठी का? मग जरा बाजूला व्हा."

गुहागरकडचे खलाशी होते, साठीला आलेले. बोलता बोलता त्यांनी माझ्या गाठी सोडायला घेतल्या. सुटेनात, तेव्हा सरळ सुरी लावली. मला राग आला. दोरी नवी होती हो!

"हँडलच्या टोकाला बांधलं की जहाज डुललं तसं हँडल फिरतं, आणि दोरी सैल पडते. मधल्या स्टँडवर तर मुळीच नको, ओल्या पत्र्यावर घसरून पुढे उतरते."

त्यांनी गाडी साइड स्टँडवर घेतली, मला पहिला गियर टाकायला लावला, खिशातून जुन्या ट्यूबची पट्टी काढून पुढचा ब्रेक दाबून मुठीशी बांधला. मग मला सीटवर बसवलं. "जोर द्या खाली." शॉकअप अर्धे दबले तसा त्यांनी फ्रेममधून घेतलेला पट्टा रॅचेटने, म्हणजे एकाच दिशेने फिरणाऱ्या खटक्याने, कडकड आवळला. दबलेली स्प्रिंग पट्टा सतत ताणून धरते, म्हणून गाडी उसळली तरी तो ढिला पडत नाही. उजवीकडून आवळायचं बेतानं, मुख्य ओढ स्टँडच्या बाजूला हवी, म्हणजे स्टँड उचलायला जागाच उरत नाही. पट्टा टाकीला घासेल तिथे माझाच पंचा घडी करून घातला. आंघोळीचा पंचा होता, पण बोललो नाही.

वर गेलो. एसी, पंगतीने खुर्च्या, शेजारच्या कुटुंबाचे थेपले. आग्रहाने दोन खाल्ले, तिसरा नाकारला आणि पस्तावलो. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो. गढूळ, चहासारखं पाणी. अर्ध्या वाटेत जहाज असं डुलायला लागलं की माझ्या डोक्यात खालची एकच गाडी पडत होती, पुनःपुन्हा. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आलो. दोनदा परत पाठवलं.

घोघ्याला खाली उतरलो तर बुलेट होती तशी उभी, पंच्याची घडीही न मोडता. मला रॅचेट उघडता येईना. खलाशी काकांनी लांबूनच पाहिलं, आले, एका बोटाने सोडलं. ट्यूबची पट्टी परत देऊ लागलो तर म्हणाले, "राहू द्या. जाताना लागेल की."

भावनगर, आत्याचं घर, गाठिये, पालिताण्याच्या पायऱ्या अर्ध्यावर सोडणं: तीन दिवस. परत मात्र वटामणवरूनच आलो, काकांना न सांगता. पट्टी अजून ब्रेकलाच लोंबते. आई रोज विचारते, "हे काढणार कधी?"